लेडी कॉन्स्टन्सची विहीर

थर्लो साहेबाच्या पुस्तकात माझं नाव एकदाच येतं, आणि तेही चुकीचं. हम्मलचं त्यानं ‘हॅमेल’ करून टाकलंय. तोरगुल लालाचं तर नावच नाही. ‘आमच्या दोन अफगाण उंटवाल्यांपैकी एक वाटेत पळून गेला’, एवढ्या एका ओळीत लालाचा निकाल लावलाय. मी अफगाण नव्हे, मकरानचा बलोच. पण कराचीहून उंटांबरोबर या मुलखात जो उतरला तो प्रत्येक जण इथे अफगाणच. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. त्या ‘पळून गेला’चं वाटतं. लाला पळाला नव्हता, आणि हे माहीत असलेली मोहिमेतली तीनच माणसं होती. साहेब गेला, पॅस्को दारूपायी गेला. उरलो मी.

पर्थच्या पूर्वेला, कूलगार्डीला सोनं सापडल्यानंतरचा तो तिसरा-चौथा उन्हाळा असेल. गावाबाहेर आमचा तळ होता. पत्र्याची मशीद, बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि दीडशे उंट. थर्लो साहेब तिथे स्वतः चालत आला. त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या वर्षी तो उत्तरेच्या वाळवंटात घोडे घेऊन घुसला होता. सात घोडे मेले, हा एकटा पायी परत आला, ओठ फुटून काळे पडलेले. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. आता त्याला तेच वाळवंट पार करून थेट उत्तरेच्या गुरांच्या मुलखात उतरायचं होतं, आणि घोड्यांची खोड मोडली होती.

“मेलेल्या घोड्यांचा मालक आलाय,” लाला मला पश्तूत म्हणाला आणि साहेबाकडे बघून अदबीनं हसला.

लाला म्हणजे पिशीनचा पठाण. त्यांच्यात थोरल्या भावाला लाला म्हणतात. माझा तो रक्ताचा कोणी नव्हता, पण इथे आल्यापासून त्याच्या हाताखाली मी उंट शिकलो होतो. पन्नाशीचा, मेंदीनं लाल केलेली दाढी, जीभ तिखट. मला तो नावानं कधीच हाक मारायचा नाही. “ए मच्छीखाऊ,” म्हणायचा, मी किनाऱ्यावरचा म्हणून.

साहेब वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. म्हणालो तर तुम्हाला सगळं सोपं वाटेल. तो आमच्याबरोबर चालायचा, उंट लंगडला तर स्वतः ओझं उतरवायचा. पाणी वाटताना त्याचा कप आणि माझा कप सारखाच असायचा, आणि पाणी कमी पडलं तर आधी त्याचा कमी भरायचा. “मी सोसणार नाही ते मी दुसऱ्याला सोसायला सांगत नाही,” हे त्याचं आवडतं वाक्य. ते खरंही होतं. फक्त ‘दुसरा’ म्हणजे कोण, एवढंच त्यानं आधी ठरवून ठेवलं होतं.

आम्ही चौघं निघालो. साहेब, पॅस्को नावाचा एक गोरा कॉर्निश खाणकामगार, लाला आणि मी. नऊ उंट. पहिले पाच आठवडे बरे गेले. मग वाळूचे धस, म्हणजे लांबच लांब टेकड्या, सुरू झाले. ते आमच्या वाटेला आडवे पसरलेले. एक चढावा, उतरावा, की समोर दुसरा. लाल वाळू, काटेरी गवताचे पुंजके, आणि दिवसाला सत्तर-ऐंशी धस. शेवटचं पाणी मिळून अकरा दिवस झाले तेव्हा उंट बसले की उठायला कुरकुरू लागले. पिंपांत माणसांपुरतं चार दिवसांचं उरलं.

बाराव्या दिवशी सकाळी धूर दिसला. इथले लोक गवत पेटवून सरडे, घोरपडी बाहेर काढतात. साहेबानं दुर्बीण लावली आणि म्हणाला, “जिथे ते आहेत तिथे पाणी आहे.”

“मग जाऊन विचारू,” लाला म्हणाला.

“विचारून सांगत नाहीत ते, तोरगुल. मागच्या वर्षी विचारलं होतं. माझे सात घोडे मेले.”

दोन उंट पळवत साहेब आणि पॅस्को गेले. बाकीची माणसं हरणासारखी पांगली असतील. परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक बाई होती. पंचविशीची, सडसडीत, हातात अजून खणायची काठी. ती ओरडत नव्हती. आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे एकेकदा नीट बघत होती, ओळख ठेवायची असल्यासारखी.

“बांधा तिला,” साहेब म्हणाला. “कमरेला. लांब दोरी ठेवा, चालता आलं पाहिजे.”

लालानं दोरी उचललीच नाही. “साहेब, मी उंट बांधतो.”

“मी तुला हुकूम देतोय.”

“ऐकलं मी. माझं काम उंटांचं. करारावर तसाच अंगठा आहे.”

साहेबाचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढवला नाही त्यानं. माझ्याकडे वळला. “हॅमेल?”

मी लालाकडे पाहिलं नाही. दोरी घेतली आणि बांधली. अगदी नीट बांधली, उंटाचा पाय रात्रभर अडकवतो त्या गाठीनं, ओढलं की आवळणारी. बांधताना तिच्या अंगाला गवताच्या धुराचा वास येत होता.

पुढचं पॅस्कोनं केलं. खारवलेलं मांस तिच्यापुढे ठेवलं. तिनं आधी खाल्लं नाही, संध्याकाळी खाल्लं. पाणी द्यायचं नाही असा हुकूम होता. तहान अनावर झाली की ती आपोआप पाण्याकडे जाईल, हा हिशेब. या मुलखात फिरणाऱ्या बऱ्याच गोऱ्यांना तो माहीत होता; पुस्तकात मात्र कोणी सविस्तर लिहीत नाही.

लालानं दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच्या वाट्याचा अर्धा कप तिला दिला. साहेबानं पाहिलं.

“तू तिचं दुःख लांबवतोयस, तोरगुल. जितकी लवकर तहानेल तितकं लवकर सगळ्यांचं सुटेल.”

“माझा कप आहे, साहेब.”

“कप माझा आहे,” साहेब म्हणाला.

त्या दिवशी तिनं आम्हाला पूर्वेकडे एका कोरड्या खडकाकडे नेलं. तिथे काही नव्हतं. मुद्दामच नेलं असेल. पॅस्कोनं शिव्या घातल्या. साहेबानं नुसती डायरीत नोंद केली आणि आणखी मांस द्यायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिची जीभ सुजली आणि ती उत्तरेकडे वळली. चालताना मध्येच थांबायची, मागे बघायची. पकडली त्या बाजूला. मला वाटलं, नवरा सोडवायला येईल याची वाट बघत असेल.

दुपार व्हायच्या आत तिनं दाखवलं. दोन धसांच्या मधल्या खोलगट जागेत एक सपाट दगड, वर फांद्या. दगड सरकवला तर खाली हातभर रुंदीचा झिरा. जनावर पडू नये, ऊन लागू नये म्हणून झाकून ठेवलेला. आत कंबरभर खोल ओली वाळू, आणि तळाशी टोपीत मावेल इतकं स्वच्छ पाणी. काढलं की हळूहळू पुन्हा पाझरायचं.

पॅस्को गुडघ्यांवर बसला आणि रडायला लागला. साहेबानं टोपी काढली.

“थांबा,” लाला म्हणाला. “आधी ती.”

“काय?”

“साहेब, आमच्याकडे विहिरीचा धनी आधी पितो. मग पाहुणा, मग जनावर. ही तिची विहीर आहे.”

साहेब हसला. खरंच हसला, रागानं नाही. “तोरगुल, ही विहीर आज शोधली गेली. हिचं नाव लेडी कॉन्स्टन्स विहीर.” डायरी काढून त्यानं लिहिलंही. लेडी कॉन्स्टन्स म्हणजे त्याच्या मोहिमेला मदत करणाऱ्या कुणा लॉर्डाची बायको. तिनं आयुष्यात वाळू पाहिली असेल ती समुद्राकाठची.

शेवटी तिला पाणी मिळालं, आमच्या सगळ्यांनंतर, पहिल्या उंटाच्या आधी. मग फावडी निघाली. उंट एका वेळी वीस-वीस गॅलन पितो, असे नऊ. झिरा असा पाझरत राहिला तर आठवडा लागला असता. साहेबानं तोंड रुंद करायला सांगितलं. आम्ही कडेचे दगड उखडले, वाळू उपसली, तळाची चिकणमाती फोडली. मीही खणलं. दोन दिवस रांगेनं उंट पाजले. पाणी आधी गढूळ झालं, मग चिखल, मग चिखलही घट्ट झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी खड्डा एवढा मोठा झाला होता की त्यात उंट बसला असता, आणि त्यात काहीच नव्हतं.

हे सगळं होईतो ती बाई पाजायच्या पिंपाला बांधलेली होती. खड्ड्याकडे बघत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायची. आम्हाला कुणालाच तिची भाषा येत नव्हती.

“तिला पुढच्या पाण्यापर्यंत न्यायची,” साहेबानं सांगितलं. “दुपारी सूर्याचं माप घेतो, मग निघू.”

बारा वाजता तो आपलं यंत्र डोळ्याला लावून धसाच्या माथ्यावर उभा राहायचा. त्या वेळी हाक मारली तरी त्याला ऐकू यायची नाही. पॅस्को खाली घड्याळ धरून बसलेला. लाला सरळ पिंपाकडे गेला, कमरेची सुरी काढली आणि दोरी कापली. माझी गाठ सुटत नव्हती म्हणून कापली. तिला हातानं खूण केली, जा. क्षणभर ती जागची हलली नाही. मग अशी पळाली की वाळूवर पाय टेकल्याचं दिसलंच नाही.

मी पलाण कसत होतो. मी पाहिलं, आणि हाक मारली नाही. त्या मोहिमेत मी केलेली चांगली गोष्ट म्हणाल तर तेवढीच, आणि ती म्हणजे काहीही न करणं.

साहेब खाली आला, कापलेली दोरी बघितली.

“पुढचं पाणी कुठे आहे, तोरगुल?”

“ठाऊक नाही, साहेब.”

“तिला ठाऊक होतं. तू आत्ता तीन माणसांचे जीव वाऱ्यावर सोडलेस. तुला तिच्या लोकांची एवढी माया असेल तर त्यांच्यातच राहा. माझ्या पाण्यावर नाही.” मग पॅस्कोला म्हणाला, “त्याला एक बाटली दे. दोन दिवसांचा रोट दे. उंट नाही.”

पॅस्कोच्या मांडीवर बंदूक होती. तो मान खाली घालून होता, पण बंदूक होती.

मी म्हणू शकलो असतो, मीही थांबतो. उंटवाल्याशिवाय नऊ उंट घेऊन ते दोघं दोन दिवसही गेले नसते. साहेबाला ते कळत होतं. मला आणि लालालाही कळत होतं. माझ्या एका शब्दावर होतं सगळं. मी पुढच्या उंटाची वेसण हातात धरून उभा होतो, आणि तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. भीती वाटली. दुसरं कारण मी इतक्या वर्षांत शोधून पाहिलं, सापडलं नाही.

लाला माझ्याजवळ आला. मला वाटलं थुंकेल.

“मच्छीखाऊ, त्या करड्या उंटिणीच्या पाठीला जखम आहे. पलाणाखाली गोधडी दुमडून घाल, नाहीतर आठवड्यात किडे पडतील.”

“लाला, तू आमच्या खुणांवरून मागे जा. मी...”

“गोधडी दुमडून,” तो म्हणाला आणि उपसलेल्या वाळूच्या ढिगावर जाऊन बसला.

आम्ही निघालो. दीड दिवस गेला असेल. शंभरेक धस ओलांडले आणि समोर एक पसरट तळं चमकलं. कुठलासा चुकार वादळी पाऊस तिथे पडून गेला होता. पिण्याजोगं, गोडं, गुडघाभर पाणी, उंटांना आठवडाभर पुरून उरेल इतकं. बदकं होती त्यावर. कुणाला धरायची गरज नव्हती, खणायची नव्हती. पॅस्को पाण्यात लोळला. साहेबानं त्यालाही एक नाव दिलं.

“साहेब, लालाला आणू या,” मी म्हणालो. “मी एकटा जातो. तीन दिवसांत येतो.”

“तो एव्हाना दक्षिणेला निघून गेला असेल,” साहेब म्हणाला. ते त्याला खरं वाटत असावं. मला वाटत नव्हतं. तरी मी गेलो नाही.

उत्तरेच्या गुरांच्या मुलखात आम्ही पोचलो तेव्हा तारा गेल्या, मेजवान्या झाल्या. साहेबाला पुढे लंडनच्या कुठल्याशा मंडळाचं पदक मिळालं. पण पॅस्को दारूच्या गुत्त्यात बसला की खारवलेल्या मांसाची गोष्ट सांगायचा, हसत हसत. ती एका पाद्र्याच्या कानावर गेली. त्यानं वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, आणि पर्थला चौकशी बसली.

मला बोलावणं आलं. दाराबाहेर साहेब भेटला. पांढरा कोट, हातात काठी.

“हॅमेल, तू शहाणा माणूस आहेस,” म्हणाला. “तुला मालवाहतुकीचा परवाना हवाय ना? आशियाई माणसाला तो सहसा देत नाहीत. माझी चिठ्ठी असली तर देतात.”

एवढंच. धमकी नाही, काही नाही. माझ्या खांद्याला हात लावून गेला.

आत टेबलामागे एक म्हातारा अधिकारी होता. दुभाषा पेशावरचा.

“मोहिमेत कुठल्या स्थानिक माणसाला दोरीनं बांधलं होतं का?”

“नाही, साहेब.”

“अन्नपाणी तोडलं होतं?”

“नाही. आमच्यात जे होतं ते त्यांना दिलं.”

“दुसरा उंटवाला कुठे आहे?”

“आपल्या मनानं गेला, साहेब.”

दुभाष्यानं ते गोऱ्यांच्या भाषेत सांगितलं. म्हाताऱ्यानं लिहून घेतलं. पॅस्कोचं बोलणं दारुड्याचं म्हणून सोडून दिलं. पाद्र्यानं माझ्याकडे बघितलं, मी पगडी नीट केली. महिन्याभरात परवाना आला. लालाच्या भावाला पिशीनला मी पत्र लिहवून घेतलं: तापानं गेला, कलमा वाचत गेला, माझ्या मांडीवर.

बारा वर्षं मी माल वाहिला. स्वतःचे चाळीस उंट झाले. मग सरकारनं उत्तरेची गुरं दक्षिणेला हाकत आणायची वाट आखायचं ठरवलं. वाटेवर दिवसा-दीड दिवसाच्या अंतरानं विहिरी खणायच्या. लाकूड, बादल्या, लोखंडी पत्रे वाहायला उंट हवे होते. मी ते काम घेतलं. मुकादमाजवळ थर्लो साहेबाचा नकाशा होता. त्यात लेडी कॉन्स्टन्स विहीर होती.

तिथे पोचलो त्या दिवशी पिठाच्या आशेनं आठ-दहा माणसं तळावर आली. त्यात ती होती. केस पांढरे झाले होते, एक डोळा गेला होता. मी ओळखली नाही. तिनंच ओळखलं. मधली काही वर्षं ती उत्तरेच्या गुरांच्या तळावर कामाला होती. गोऱ्यांची मोडकीतोडकी भाषा तिला येत होती.

“तू दोरीवाला,” ती म्हणाली.

मी हो म्हणालो. मग विचारलं, “दुसरा? लाल दाढीवाला?”

“इथेच आहे.”

खरं सांगतो, मला वाटलं, जगला. यांच्यात राहिला, म्हातारा झाला, आता धसामागून येईल आणि मला मच्छीखाऊ म्हणेल. ती चालू लागली, मी मागे. जुन्या खड्ड्यापासून वीस पावलांवर एका झाडाखाली ती थांबली. तिथे नुसती सपाट वाळू होती.

“मी पळाले,” ती सांगू लागली. “आमच्या माणसांना गाठलं. म्हटलं, दोरीवाले पाण्यावर आहेत. माणसं भाले घेऊन निघाली. तुम्ही गेलेले. तो एकटा होता. खड्ड्यात उतरून हातानं वाळू काढत होता.”

“पाणी होतं?”

“थोडं लागलं होतं. मी मागून येत होते. पाय फुटले होते माझे. लांबून ओरडले, हा नाही, हा नाही. वारा उलटा होता.”

मी खाली बसलो.

“त्यांनी डोक्याचं कापड बघितलं,” ती म्हणाली. “तुझ्याही डोक्याला तसंच होतं.”

थोड्या वेळानं तिनं आणखी सांगितलं, मी विचारलं नव्हतं. तिला पकडली तेव्हा तिची आई आणि धाकटी मुलगी मागे राहिल्या होत्या. त्यांचं ठरलेलं होतं, चुकामूक झाली तर या झिऱ्यावर भेटायचं. त्या दोघी चालत चालत आल्या. माणसांच्या आधी एक दिवस. लालानं आपली बाटली त्यांना दिली होती, ती म्हातारीच्या हातात सापडली, रिकामी; दोघी तहानेनं गेल्या होत्या. मुलगी केवढी होती हे तिनं हात खाली करून दाखवलं. गुडघ्याच्या जरा वर.

“माझं चुकलं,” मी म्हणालो. बारा वर्षांत पहिल्यांदा म्हणालो, आणि तेही परक्या भाषेत.

“ते त्याला सांग,” ती म्हणाली. “मला पीठ दे.”

मी तिला अख्खं पोतं दिलं. मुकादम ओरडला, मी ऐकलं नाही. तिनं आभार मानले नाहीत, आणि मानायचे तरी कशाचे? बरोबरच्या दोन बायका धरून तिघींनी पोतं उचललं आणि त्या धसापलीकडे गेल्या. मी झाडाखाली लालाची नमाज-ए-जनाजा पढलो, एकट्यानं. दुसऱ्या दिवशी माणसांनी खड्ड्यात लाकडाची चौकट उतरवली, वर रहाट बसवला, खांबावर विहिरीचा क्रमांक मारला. गुरांसाठी पाणी भरपूर लागलं.

तळावर परतल्यावर मी पिशीनला दुसरं पत्र लिहवून घेतलं. या वेळी सगळं खरं. मी बांधलं, त्यानं सोडलं, आम्ही त्याला टाकून आलो, तो मारला गेला, मी चौकशीत खोटं बोललो. लिहिणारा मुल्ला दोनदा थांबला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिहा.

सात महिन्यांनी लालाच्या भावाचं उत्तर आलं. मुल्लानं वाचून दाखवलं:

‘सलाम. तोरगुलची बायको आता माझ्या घरात आहे, मुलं माझी म्हणून वाढली. तो तापानं गेला असं आम्ही गावात सांगितलं, फातिहा झाला, रडणं झालं. मुलं आता तरणी आहेत. बाप मारला गेला हे त्यांना कळलं तर आमच्या रिवाजाप्रमाणे ती विचारतील, कोणी? मी त्यांना कोणाकडे पाठवू? त्या भालेवाल्यांकडे, साहेबाकडे, की तुझ्याकडे? म्हणून तुझं पत्र मी चुलीत घातलं. यापुढे लिहू नकोस.’

मुल्लानं कागदाची घडी घातली आणि विचारलं, “उत्तर लिहायचं का?”

मी नाही म्हणालो आणि उंटांना पाणी पाजायला गेलो.